रोबोटला डोळे कोणी लावले?

आपल्या शहरातल्या मोठ्या रस्त्यांवरच्या फलकांवर हल्ली एक पांढराशुभ्र यंत्रमानव उभा असतो. गुळगुळीत डोकं, निळे चमकणारे डोळे, गळ्यात स्टेथोस्कोप. कधी त्याच्या हातात गुडघ्याचं हाड असतं, कधी ऑपरेशनची सुरी. शेजारी लिहिलेलं असतं, 'आता रोबोटद्वारे शस्त्रक्रिया.' फलक कोणाचा आहे, याला महत्त्व नाही. पुण्यात जा, नागपुरात जा, हेच चित्र दिसेल. गंमत अशी की हा गृहस्थ जगातल्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये काम करत नाही. तो संगणकावर घडवलेलं एक पात्र आहे. कोणीतरी बसून त्याची कवटी घडवली, सांधे बसवले, डोळ्यांत दिवे लावले आणि चित्र विकायला ठेवलं. कोणीतरी ते विकत घेतलं आणि त्याच्याखाली रुग्णालयाचा फोन नंबर टाकला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघेबदलाचं ऑपरेशन ठरलेले लोक आधी व्यायाम शिकायला आमच्याकडे येतात. त्यांच्यातले बरेच जण जाताना हळूच विचारतात, "मॅडम, आत डॉक्टर असतील ना, की नुसता रोबोटच?" पैठणकडच्या एका आजींचा प्रश्न तर मला अजून आठवतो. "बाई, त्याला मराठी कळतं का? दुखलं तर सांगायचं कोणाला?" ऐकणारे हसले. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. आजींनी फलक पाहिला होता आणि फलकावर जे होतं तेच त्यांनी खरं मानलं होतं. नातवाने कौतुकाने मोबाइलवर व्हिडिओही दाखवला होता. त्यात तोच पांढरा यंत्रमानव खाटेपाशी चालत येतो आणि पेशंटच्या खांद्यावर हात ठेवतो.

खरं यंत्र कसं असतं ते आधी सांगते. पोटातल्या ऑपरेशनसाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी यंत्रणा म्हणजे 'दा विंची'. अमेरिकेत तिला २००० मध्ये परवानगी मिळाली. तिला डोकं नाही, डोळे नाहीत, पायही नाहीत. एका खांबाला लटकलेले चार लांब हात असतात आणि त्यांच्या टोकाला बारीक अवजारं व कॅमेरा. सर्जन त्याच खोलीत थोड्या अंतरावर एका मेजाशी बसतो, भिंगातून आतलं दृश्य बघतो आणि बोटांनी ती अवजारं चालवतो. त्याच्या हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकतं आणि मोठी हालचाल लहान करून आत पोहोचवतं. सर्जनने हात थांबवला की यंत्रही थांबतं. ते स्वतःहून काहीच करत नाही.

गुडघ्याच्या यंत्रांची तऱ्हा वेगळी आहे. काहींमध्ये आधी सीटी स्कॅन काढून तुमच्या हाडाची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार करतात, किती हाड कापायचं ते त्यावर आखतात आणि ऑपरेशनच्या वेळी करवत सर्जनच धरतो. आखलेल्या रेषेबाहेर ती जाऊ लागली की यंत्राचा हात तिला अडवतो. काही प्रणालींमध्ये आखणीप्रमाणे हाड घासण्याचं काम यंत्र स्वतः करतं, पण आखणी सर्जनची असते आणि थांबवण्याचं बटणही त्याच्याच हाताशी असतं. कशाही पद्धतीने केलं तरी दुसऱ्या दिवशी तुम्हाला उभं करून चार पावलं चालवायला माणूसच येतो. ते काम माझ्यासारख्यांचं.

मग फलकावर तो डोळेवाला कुठून आला? थोडा दोष आपल्या शब्दाचा आहे. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगात आला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. त्या नाटकातले रोबोट लोखंडाचेही नव्हते. कारखान्यात बनवलेले, मांसाचे, माणसासारखे मजूर होते. मराठीने त्याचं भाषांतर 'यंत्रमानव' केलं आणि मानव हा त्या शब्दातच जाऊन बसला. वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. तिथे वेल्डिंग करणारा रोबोट म्हणजे जमिनीला बोल्टने आवळलेला एक मोठा हात असतो, बाकी काही नाही. कामगार त्याला 'रोबो' म्हणतात आणि त्याच्या पिंजऱ्यापासून लांब राहतात. त्याच्याकडून प्रेमळ नजरेची अपेक्षा तिथे कोणी करत नाही.

उरलेला वाटा सिनेमाचा. २०१० साली आलेला शंकर यांचा 'एंथिरन', हिंदीत 'रोबोट', आपल्याकडे घराघरांत पाहिला गेला. त्यातला चिट्टी रजनीकांतने केला. (मूळचे शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातले, हे आपण दर वेळी अभिमानाने सांगतोच.) तो चिट्टी चित्रपटात एका अडलेल्या बाईचं बाळंतपणही करतो. प्रसंग छान रंगलाय. पण रोबोट आणि वैद्यक यांची जी जोडी आपल्या डोक्यात बसली, ती अशा प्रसंगांनी बसवली.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मी संगणकावर रोबोट बनवणाऱ्या पोरांच्या विरोधात आहे. उलट आहे. आपल्या शहरात अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं बरीच आहेत आणि त्यांच्यासमोर 'माणूस कसा चालतो' यावर बोलायला मी अधूनमधून जाते. जवळजवळ प्रत्येकाच्या कामांच्या संग्रहात एक रोबोट असतोच. कारण सोपं आहे. माणसाचा चेहरा, केस, कपड्यांच्या चुण्या संगणकावर जमवणं फार कठीण. रोबोट मात्र डबे, नळकांडी आणि गोळे यांतून उभा राहतो. डब्याची धड, नळकांड्यांचे हात, गोळ्यांचे सांधे. मग कडा किंचित गोलसर करायच्या, कारण खऱ्या जगात धारदार कडा कुठल्याच पत्र्याला नसते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ पडली नाही तर डोळा लगेच ओळखतो की हे खोटं आहे. मग ओरखडे, तेलाचे डाग, जिथे हात सतत घासतो तिथे उडालेला रंग. शिकणाऱ्याला यात मजा येते आणि पैसेही कमी लागतात. ब्लेंडर नावाची संगणकप्रणाली फुकट आहे आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा लॅटव्हियाचा चित्रपट तिच्यावरच तयार झाला. घरच्या साध्या संगणकावर बसणाऱ्या मुलाला ही बातमी मी आवर्जून सांगते.

रोबोट दिसायला जमतो, पण हालायला लागला की पितळ उघडं पडतं. इथे मला तोंड घालावंसं वाटतं.

सांधा म्हणजे काय, हे कागदावरून कळत नाही. हा पेपर बाजूला ठेवून एक करून पाहा. उजवा तळहात टेबलावर टेकवा, खांदा हलू देऊ नका आणि आता कोपर वर-खाली करा. हात जागचा हलला नाही, खांदाही हलला नाही, तरी कोपर झुलतं. याचं कारण आपल्या हाताला हालचालीच्या सात दिशा आहेत: खांद्याला तीन, कोपराला एक, मनगटाआधीच्या भागाचं उलथंपालथं होणं ही एक आणि मनगटाच्या दोन. कारखान्यातल्या नेहमीच्या रोबोटच्या हाताला सहा सांधे असतात. अवजार हव्या त्या जागी न्यायला तीन आणि हव्या त्या कोनात धरायला तीन, इतकं पुरतं. त्यामुळे टोक एका जागी पक्कं केलं की त्याचं कोपर असं झुलू शकत नाही. फलकावरच्या रोबोटला मात्र सहज माणसाचा हात चिकटवलेला असतो आणि तो कुठूनही कुठेही वाकतो.

अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक भागाला एक फिरण्याचा बिंदू द्यावा लागतो, त्याला पिव्हट म्हणतात. हाताची बोटं कुठे पोहोचायला हवीत ते सांगायचं आणि प्रत्येक सांधा किती अंशांत वळेल ते संगणकाला काढायला लावायचं, हे उलटं गणित अ‍ॅनिमेटर रोज वापरतो. वाळूजमधला रोबोट चालवणारा अभियंताही तेच वापरतो. नवी गाडी येणार असते तेव्हा वाहन कारखान्यांत रोबोटची हालचाल आधी संगणकावर करून बघतात: हात कुठे आपटतो का, वेल्डिंगचा ठिपका त्याच्या आवाक्यात आहे का. ही दोन्ही कामं एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर चालतात आणि अ‍ॅनिमेशनच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना पलीकडच्या कामाचा पत्ताच नसतो. त्यांना वाटतं, आपल्याला मुंबईला जाऊन चित्रपटाच्या स्टुडिओत रात्रपाळी करायची आहे. मला वाटतं, त्यांच्या हातातलं कौशल्य इथेच हवं आहे.

एक उदाहरण देते. पोटातल्या रोबोटिक ऑपरेशनचे जे प्रचाराचे व्हिडिओ फिरतात, त्यांतल्या काहींमध्ये अवजाराचा पिव्हट यंत्राच्या हातात ठेवलेला असतो. म्हणजे अवजार डावी-उजवीकडे फिरताना पोटावरचं भोकही त्याच्याबरोबर इकडून तिकडे सरकतं. खऱ्यात असं झालं तर पोटाचा पडदा फाटेल. त्या यंत्राची सगळी करामतच ही आहे की अवजार कितीही फिरलं तरी ते पोटाच्या भिंतीतल्या त्या एका बिंदूभोवतीच फिरतं. भोकावर ताण येत नाही. ज्या मुलाला हे माहीत आहे तो पिव्हट बरोबर ठेवेल आणि बघणाऱ्याला न बोलता कळेल की इतक्या छोट्या छेदातून हे कसं होतं. निळ्या डोळ्यांपेक्षा ही गोष्ट किती सुंदर आहे!

चालण्याचं तर विचारूच नका. माणसाचं एक पाऊल पडून तेच पाऊल पुन्हा पडेपर्यंतच्या वेळात तो पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. म्हणजे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचे दोन छोटे तुकडे त्यात येतात. शरीराचा तोल या काळात जेमतेम चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतो. ज्याचा गुडघा दुखतो, तो दुखऱ्या पायावर कमी वेळ राहतो. लंगडणं म्हणजे मुख्यतः वेळेची ही वाटणी बिघडणं. आता होंडा कंपनीने २००० साली दाखवलेला असिमो रोबोट आठवा. तो गुडघे सतत किंचित वाकवून चालायचा, जणू पोट सांभाळत गर्दीतून वाट काढतोय. ती त्याची लकब नव्हती. पाय पूर्ण सरळ झाला की त्या उलट्या गणिताला पुढची हालचाल काढताना अडचण येते आणि तोल सावरायलाही वाव उरत नाही, म्हणून गुडघे वाकलेले. मुलं चित्रपट बघून वाकलेले गुडघे काढतात, पण कारण माहीत नसल्यामुळे शरीराचं वजन त्या गुडघ्यांवर येतच नाही. रोबोट जमिनीवर तरंगल्यासारखा वाटतो.

वजन शिकायला आपल्याला परदेशी पुस्तकं नकोत. वेरूळला सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, कैलास मंदिराच्या दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतोय. त्या शिल्पाखाली अर्धा तास उभं राहा. इतके हात एका धडाला लावूनही त्यातला प्रत्येक खरा वाटतो, कारण ताण कुठून निघून कुठे जातो ते शिल्पकाराला ठाऊक होतं. वर पार्वतीने शंकराला धरलेलं आहे. हादरा तिथपर्यंत पोहोचलाय. अनेक हातांचं यंत्र काढायचं असेल तर बाराशे वर्षांपूर्वीचा हा धडा घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणीही तसाच: तीन ठिकाणी वळलेलं शरीर, आणि तरी पडत नाही. आपल्याकडच्या क्लासेसनी सहली तिकडे न्याव्यात. मॉलमध्ये नेऊन काय साधतं, मला कळलेलं नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे.

मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतसं ते आपल्याला आवडू लागतं. पण अगदी जवळजवळ माणूस, तरी पूर्ण नाही, अशा टप्प्यावर आलं की एकदम अंगावर काटा येतो. पसंतीचा चढता आलेख तिथे दरीत कोसळतो. मराठी माणसाला हे समजवायला आलेख लागत नाही. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू आठवा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आमच्या पिढीच्या कितीतरी मुलांनी उशीत तोंड खुपसून पाहिला. त्याच पाध्यांकडचे अर्धवटराव मात्र कोणालाही घाबरवत नाहीत, आणि लिज्जत पापडाचा ससाही त्यांच्याच घरचा. लाकूड, कापड, दोऱ्या यांत फरक नाही. किती माणूस ठेवायचा आणि कुठे थांबायचं, यात फरक आहे.

चांगले कारागीर थांबतात. पिक्सारच्या १९८६ च्या 'लक्सो ज्युनिअर'मध्ये दोन टेबललॅम्प आहेत. चेहरा नाही, तरी कोण बाप आणि कोण पोर ते पहिल्या काही सेकंदांत कळतं. 'वॉल-ई'चे (२००८) डोळे दुर्बिणीवरून सुचले आणि त्याला तोंडच दिलं नाही. आरोग्याच्या सदरात तर 'बिग हीरो ६' (२०१४) मधल्या बेमॅक्सचं नाव घ्यायलाच हवं, कारण तो शुश्रूषा करणारा रोबोट आहे. फुगवलेल्या रबरी अंगाची कल्पना दिग्दर्शकाला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मिळाली. तिथे माणसाला न दुखावता हात लावू शकेल असा हवेने फुगणारा हात बनवत होते. चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. तो जपानी देवळातल्या घंटेवरून आला. चाल पेंग्विनच्या पिल्लाची. प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी पाहिलेलं, तपासलेलं आहे.

खऱ्या रुग्णसेवेतही एक नमुना आहे. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी 'पारो' नावाचा लवदार यांत्रिक प्राणी तयार केला. कुरवाळलं की तो मान वळवतो, आवाज काढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. तो आहे सील माशाचं पिल्लू. मासा म्हणायची आपली पद्धत, खरं तर सस्तन प्राणी. कुत्रा-मांजर का नाही? कारण शिबातांनी आधी तेही करून पाहिलं होतं. लोक खऱ्या मांजराशी तुलना करायचे आणि निराश व्हायचे. सील कोणी मांडीवर घेतलेलं नसतं, म्हणून तुलनाच होत नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. यंत्राने जे वचन पाळता येणार नाही, ते त्याच्या रूपाने देऊ नये.

इस्रोची व्योममित्र २०२० च्या जानेवारीत बंगळूरूला लोकांसमोर आली, तेव्हा तिला पाय नव्हते. त्यावर विनोद झाले. पण अवकाशयानात वजनच नसतं, चालायचं कुठे? तिचं काम खुर्चीत बसून यानातल्या हवेवर लक्ष ठेवणं आणि बटणं हाताळणं. नको ते लावलं नाही. चेहरा बाईचा का हवा होता, हा प्रश्न मात्र मला आजही पडतो. मदतनीस म्हटलं की बाई आणि सर्जन म्हटलं की रुंद खांद्यांचा पांढरा पुरुष, ही वाटणी संगणकावरही तशीच चालू आहे.

फलकावर परत येऊ. त्याच्या डोळ्यांनी नेमकं काय बिघडतं? दोन गोष्टी. घाबरणारे लोक यंत्राच्या भीतीने चांगलं ऑपरेशन टाळतात; त्या आजींनी तारीख पुढे ढकलली होती. आणि भारावणारे लोक जास्त पैसे मोजून डोळे मिटून सही करतात. दुसरा गट मला जास्त चिंतेचा वाटतो. गुडघ्याच्या रोबोटिक शस्त्रक्रियेत हाड आखल्याप्रमाणे कापलं जाण्याची अचूकता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण त्यामुळे काही वर्षांनी माणूस जास्त चांगला चालतो, हे तितक्या ठामपणे दिसलेलं नाही. पुढच्या चालण्यात मांड्यांच्या स्नायूंचा, वजनाचा आणि रोजच्या कंटाळवाण्या व्यायामाचा वाटा मोठा असतो, आणि त्यांचं चित्र कोणी फलकावर लावत नाही.

कर्करोगात तर जास्तच सावध राहायला हवं. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगावर ६३१ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. छोट्या छेदांतून केलेलं ऑपरेशन आणि पोट उघडून केलेलं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन यांची त्यात तुलना होती. छोट्या छेदांच्या गटात बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीची होती, काही रोबोटची. सगळ्यांना वाटत होतं, निकाल सारखेच येतील. प्रत्यक्षात तीन वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचं प्रमाण उघड्या ऑपरेशनच्या गटात ९९ टक्के आणि छोट्या छेदांच्या गटात ९३.८ टक्के निघालं. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनाच्या आणि इतर काही कर्करोगांत रोबोट वापरताना सावध राहा, असं जाहीर केलं. याचा अर्थ रोबोट वाईट, असा नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशनात तो जगभर रुळला आहे. अर्थ इतकाच की कोणत्या अवयवासाठी, कोणत्या आजारासाठी आणि किती अनुभव असलेल्या सर्जनच्या हातात, हे विचारल्याशिवाय 'रोबोट' या एका शब्दावर निर्णय घेता येत नाही. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला यंत्रमानव नेमके हेच प्रश्न विसरायला लावतो, कारण त्या चित्रातून सर्जनच गायब आहे.

चेहऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. एक जाहिरात करणारे स्नेही मला म्हणाले, "चार लोखंडी हात लावले तर लोक पळून जातील, थोडा गोडवा लागतोच." मुद्दा खोटा नाही. पण गोडवा आणायला खोटं बोलावं लागत नाही. चौकटीत सर्जन दाखवा, परिचारिका दाखवा, मेजाशी बसलेली माणसं दाखवा; माणसाचा चेहरा पाहून येणारा धीर रोबोटच्या चेहऱ्यातून येत नसतो. जिथे काल्पनिक दृश्य वापरलंय तिथे 'संगणकनिर्मित दृश्य' एवढे दोन शब्द वाचता येतील अशा अक्षरांत टाका. डॉक्टरांनी रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू नये, असं वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम सांगतात. त्यांचा हेतू ज्याला मान्य आहे, त्याला ही अट जड वाटू नये. आणि काम इथल्याच मुलांना द्या. विकत आणलेल्या तयार चित्राऐवजी, तुमच्याच थिएटरमधलं यंत्र पाहून, त्याची मापं घेऊन, सर्जनशी बोलून घडवलेला दोन मिनिटांचा मराठी व्हिडिओ. सेकंदाला २४ चित्रं धरली तर ती २,८८० चित्रं झाली; एका मुलाचे काही आठवडे. संमतिपत्रावर सही घेण्याआधी तो दाखवला तर पेशंट निदान प्रश्न तरी विचारेल.

पात्र हवंच असेल तर ते कुठे हवं, याचं मला आवडलेलं एक उत्तर विद्यार्थ्यांच्या गटाकडून आलं. हाडाचं प्लॅस्टर कापायचं छोटं यंत्र आमच्याकडच्या मुलांना ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरवतं. त्याचं पातं गरागरा फिरत नाही, फक्त जागच्या जागी थरथरतं. कडक प्लॅस्टर कापलं जातं आणि मऊ कातडी पात्याबरोबर हलते, म्हणून सहसा कापली जात नाही. पण आवाज असा करतं की सहा वर्षांचं पोर टेबलावरून उडी मारतं. या मुलांनी त्या यंत्राचंच पात्र केलंय: बुटकं, एका डोळ्याचं, मान सतत थरथरणारं. ते सांगतं की मी फार ओरडतो, थोडा गरमही होतो, जास्त गरम वाटलं तर लगेच सांग, डॉक्टर मला बंद करतील. आवाज बदलून गोड करायचा की खराच ठेवायचा, यावर त्यांच्यात दोन दिवस भांडण चाललं होतं. मी खऱ्याच्या बाजूने मत दिलं. रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात आमच्याच प्लॅस्टर रूममध्ये आहे.